बीजींच्या फाटकातला रविवारचा पेपर

चंदीगडहून परतून आता महिना झाला, तरी शाळेच्या शिक्षकखोलीत अजून कोणीतरी विचारतंच, "काय हो बाई, तिकडे भीती नाही वाटली?" वाटली. पण निघताना सगळ्यांनी जिची धास्ती घातली होती ती नव्हे. बंदुका पाहिल्या, चौकाचौकांतली वाळूची पोती पाहिली, आणि दोन दिवसांत त्यांची सवयही होऊन गेली. माझी गाळण उडाली ती एका रविवारच्या पेपरापायी, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

गुरुवार

जाण्याचं कारण घरगुती. माझी धाकटी बहीण सुनंदा तीन वर्षांपासून तिकडे आहे. तिचे यजमान श्रीकांतराव तिथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर आहेत. सप्टेंबरात तिला दुसरं मूल झालं, मुलगा. एरवी आईच गेली असती, पण तिची गुडघेदुखी आणि पेपरात येणाऱ्या पंजाबच्या अतिरेक्यांच्या बातम्या दोन्ही एकदमच बळावल्या. तेव्हा भाऊबीज आटोपून, दिवाळीच्या सुट्टीत मीच निघाले. "आत्ताच मरायला जायचंय का पंजाबात?" मामंजींनी विचारलं. मी म्हटलं, "मरायला नाही, लाडू पोचवायला."

इस्लामपूर ते दिल्ली या प्रवासात सांगण्याजोगं काही नाही. दिल्लीहून पुढची बस मात्र वाटेत तीनदा थांबवली. दर वेळी सगळ्यांनी खाली उतरायचं, सामान उघडायचं. माझ्या शेजारच्या बाकावर मध्यम वयाचे एक सरदारजी होते. त्यांची बॅग तिन्ही वेळा तळापर्यंत उपसली. माझी एकदाच, आणि तीही अहळिवाच्या लाडवांनी घात केला म्हणून. पोलिसाने डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि तो सावध झाला. "ये क्या है?" अहळिवाला हिंदीत काय म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "जिसको बच्चा हुआ है ना, उसका खाना है." त्याने एक लाडू फोडून पाहिला, मग खाऊन पाहिला, आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला. तोवर सरदारजी आपले सदरे तिसऱ्यांदा घडी करून बॅगेत भरत होते, पहिल्या वेळी केली तशीच नीट घडी. त्यांच्याशी काहीतरी बोलावं असं फार वाटलं, पण मी डब्याचं झाकण पुन्हापुन्हा घट्ट लावत राहिले.

चंदीगड हे आधी वहीवर आखून मग जमिनीवर उतरवलेलं गाव आहे. रस्ते पट्टीने मारल्यासारखे सरळ, आणि मोहल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आमच्याकडे पत्ता सांगायचा म्हणजे गिरणीच्या मागे, गवळ्याच्या गोठ्यावरून डाव्या हाताला. इथे सेक्टर सात आणि पुढे घराचा नंबर, संपलं. पाहुण्याला वाटेत कोणी "कुणाकडे आलात?" असंही विचारत नाही. मला पहिल्या दिवशी ते अगदी सुनंसुनं वाटलं.

सुनंदाचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, म्हणजे दारजी आणि बीजी. तिथे वडिलांना दारजी आणि आईला बीजी म्हणायची रीत. सगळी गल्लीच त्यांना तसं म्हणायची, आणि तासाभरात मीही म्हणू लागले. दारजी रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, पगडी घरातही टापटीप. बीजी ठेंगण्या, गोऱ्या, गुडघ्यांनी आमच्या आईसारख्याच. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "बहोत पतली है पुत्तर, कुछ खाती नहीं?" माझ्या उभ्या आयुष्यात मला पतली म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. मी लगेच त्यांची झाले.

शुक्रवार, शनिवार

आमच्या सहा वर्षांच्या भाचीशी, मिनीशी, मी मराठीत बोलायची आणि ती मला हिंदीत उत्तर द्यायची. "मावशी, आप कब तक रहोगे?" तिला मराठी समजतं सगळं, तोंडून मात्र येत नाही. सुनंदाचं मराठीही आता 'पक्का', 'यार' असं ठिगळं लावलेलं झालंय. मी चिडवलं तर म्हणाली, "ताई, तू पंधरा दिवस राहा, तूही जाताना नवऱ्याला यार म्हणशील."

दोन दिवस खाण्यात गेले. बीजी मुळ्याचे पराठे करून वर पाठवत, त्यावर लोण्याचा गोळा. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात आणि पाहुणा नको नको म्हणतो. इथे आग्रह नाहीच, सरळ ताटात पडतं. शनिवारी सतरा सेक्टरच्या बाजारात गेलो तर दुकानात शिरताना पर्स तपासली, दुसऱ्या दुकानात पुन्हा तपासली, आणि सगळ्या बायका पर्स आधीच उघडून रांगेत उभ्या. आम्ही हळदीकुंकवाला हात पुढे करतो तितक्या सहजपणे. अंधार पडायच्या आत सगळे घरी.

बीजींनी मला त्यांच्या मुलाचा फोटो दाखवला. गुरमीत. "डंगर डाक्टर है," त्या म्हणाल्या, म्हणजे गुरांचा डॉक्टर. राखीनंतर त्याची बदली पट्टी नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात झाली होती, अगदी सरहद्दीकडे. गावोगाव सायकलवरून जायचं, म्हशी तपासायच्या. लग्न व्हायचंय. एवढं सांगून बीजींनी फोटो पुन्हा कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं.

आणखी एक गोष्ट मी दोन्ही सकाळी गच्चीवरून पाहिली. साडेसहाच्या सुमाराला पेपरवाला इंग्रजी पेपर फाटकातून आत टाकायचा. दारजी तिथेच, फाटकाशी उभ्याउभ्या तो उघडायचे. बोट वरून खाली फिरवायचे, पान उलटायचे, पुन्हा बोट. दोन मिनिटं, फार तर तीन. मग घडी घालून आत वळत हाक मारायचे, "सब ठीक है. चाय रख." मला गंमत वाटली. शनिवारी मी वरून विचारलं, "दारजी, लॉटरी का नंबर देखते हैं क्या?" ते वर बघून हसले. "हां बेटा जी. लॉटरी ही समझो."

रविवार

आता माझ्या पेपराच्या हावेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरी पेपर आधी मामंजींकडे जातो. मग ह्यांच्याकडे, मग दिरांकडे, मग मुलं खेळाचं पान ओढून नेतात. रविवारची पुरवणी माझ्या हाती दुपारी भांडी झाल्यावर येते तेव्हा तिच्यावर शेंगदाण्याची टरफलं असतात आणि शब्दकोडं कोणीतरी अर्धं चुकीचं सोडवलेलं असतं. मी शाळेत मुलांना इंग्रजी शिकवते, वाचनाचे फायदे फळ्यावर लिहून देते, आणि लग्नाला एकवीस वर्षं होऊनही रविवारचा कोरा पेपर कधी पहिल्यांदा उघडलेला नाही. मला परदेशी जायची हौस नाही, दागिन्यांची नाही. हीच एक हौस राहून गेली होती.

त्या रविवारी मी सहालाच उठले. श्रीकांतरावांची ड्यूटी होती, बाळाने जागवल्यामुळे सुनंदा गाढ झोपलेली. साडेसहाला फाटकात धप्प आवाज झाला. मी गच्चीवरून पाहिलं, पेपर चांगला जाडजूड, आत पुरवणी. दारजी दिसेनात. रविवारी ते पहाटेच गुरुद्वाऱ्यात सेवेला जातात हे सुनंदाने सांगितलेलं होतं. बीजी आत. मी शाल घेतली, चपला हातात धरून जिना उतरले, पेपर उचलला आणि सरळ सुखना तलावाची वाट धरली. नऊच्या आत परत आणून ठेवू, कोणाचं काय अडणार आहे, असा साधा हिशोब.

तलावाच्या पायऱ्यांशी जवानाने पेपर झटकून पाहिला, आत काही दडवलंय का म्हणून, आणि हसून परत दिला. काठावरचे बाक दवाने ओले होते. मी पेपराची मुख्य पानं बाकावर पसरली, त्यावर बसले, आणि पुरवणी उघडली. मुख्य पानांत काय असणार ते मला घरी बसूनही माहीत होतं. इतके ठार, तितके जखमी. रविवारी सकाळी ते कोणाला हवंय?

समोर पाण्यावर परदेशी बदकं उतरलेली, पलीकडे निळसर टेकड्या, कोवळं ऊन पाठीवर. मी लग्नाच्या जाहिराती वाचल्या, एकूण एक. 'गोरी, घरेलू, कॉन्व्हेंट'. मुळ्याच्या लोणच्याची कृती वाचली. एका निवृत्त कर्नलने आपल्या कुत्र्यावर लिहिलेला लेख वाचला आणि एकटीच हसले. शब्दकोडं पेनाने सोडवलं, पेन्सिलीने नव्हे. एक शब्द अडला तर पाण्याकडे बघत बसले, आणि तो सुचला. चहावाल्याकडून दोनदा चहा घेतला. कोणी हाक मारली नाही, कोणी पान मागितलं नाही. मला इतकं सुख शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना. निवांत पेपर वाचायचा तर त्यात आपलं कोणी नाही याची खात्री लागते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. ती खात्री मी घरून घेऊन आले होते, शालीसारखी, नकळत.

परतले तेव्हा साडेनऊ झाले होते. गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी बिनसलंय हे कळलं. बीजींचं फाटक सताड उघडं, बाहेर चारपाच पुरुष हात मागे बांधून उभे. व्हरांड्यात बायका, डोक्यावर ओढण्या. सुनंदा बाळाला खांद्यावर टाकून माझ्याकडे धावतच आली.

"ताई, पेपर तुझ्याकडे आहे?"

मी काखेतला पेपर दाखवला. तिने डोळे मिटून घेतले. "अगं काय केलंस तू हे."

तिने फाटकाशीच, दबक्या आवाजात सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी बीजींच्या भावाचा मुलगा लुधियान्याकडे मारला गेला. बातमी पेपरात आली होती. बीजी उठायच्या आत शेजाऱ्यांनी फाटकातला पेपर उचलून नेला. तिकडे ही रीतच पडून गेलीय, ज्या घरचं माणूस गेलं त्या घरचा पेपर गल्लीने आधी नाहीसा करायचा, म्हणजे घरच्या बाईला ते छापील अक्षरांतून कळू नये, कोणीतरी जवळ बसून सांगावं. त्या दिवशी दारजींनी दुसरा पेपर आणून बीजींना वाचून दाखवला होता, ती बातमी गाळून. दुपारपर्यंत सगळी गल्ली बीजींशी फार गोड वागत होती. तेव्हापासून दारजी उठल्याबरोबर पेपर बघतात, रविवारी गुरुद्वाऱ्यातून आल्याबरोबर, आणि "सब ठीक है" ऐकल्याशिवाय बीजी चुलीवर चहा ठेवत नाहीत.

आज बीजी फाटकाशी आल्या तर पेपर नाही. दारजी अजून आलेले नाहीत. वर विचारलं तर सुनंदा म्हणाली, मी पाहिला नाही. आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या बाई वाटीभर साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, घेऊन आल्या, दर रविवारी देतात तसा. बीजींनी सागाची वाटी पाहिली आणि मटकन खाली बसल्या.

दारजींना गुरुद्वाऱ्यातून बोलावून आणलं होतं. ते शपथा घेत होते. शेजारच्यांचे पेपर आणून त्यांनी वाचून दाखवले होते. बीजींचं एकच म्हणणं, "तब भी आपने यही कहा था. मेरे घर वाला अखबार कित्थे है?"

मी व्हरांड्यात गेले. लाज अशी वाटत होती की जमीन दुभंगली तर बरं. "बीजी, मैं ले गई थी. झील पे. पढ़ने के लिए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पढ़ने? तीन घंटे?"

पेपर तीन तास वाचायचा असतो यावर त्यांचा विश्वासच बसेना. मी काहीतरी लपवायलाच नेला होता, आता मलाही पढवून ठेवलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी मुख्य पानांवर हात फिरवला. पानं ओली, चुरगळलेली. "ये क्या हुआ?"

"मैं इस पे बैठी थी, बीजी. बेंच गीला था."

बायकांपैकी कोणीतरी तोंडाला ओढणी लावली. बीजी मात्र थोड्या सैल झाल्या. एवढं लाजिरवाणं कोणी बनवून सांगणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांना फक्त गुरुमुखी येते, तीही पाठापुरती. त्यांनी पेपर माझ्या मांडीवर ठेवला. "तू पढ़. इन सब को पता है क्या छोड़ना है. तुझे नहीं पता."

मी वाचायला लागले. इंग्रजी वाचायचं आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगायचं. ज्या पानांवर मी तीन तास बसले होते ती पानं. नाव, वय, गाव. गावांची नावं मला उच्चारता येत नव्हती, दारजी मागून दुरुस्त करत होते. एक शिक्षक. दोन भाऊ, दूध घेऊन निघालेले. एक हवालदार. पोलिसांनी चकमकीत मारलेली तिघं, त्यांची नावंही. प्रत्येक नावानंतर बीजी हलक्या आवाजात वाहेगुरू म्हणत. कोण कोणत्या बाजूचा हे त्या विचारत नव्हत्या.

मी पान उलटलं. आतल्या पानावर खाली, पाच ओळींची बातमी. वाचून सांगायच्या आधीच माझ्या नजरेने ती पुरी केली होती. पट्टीजवळ कालव्याच्या काठी अनोळखी तरुणाचा मृतदेह. वय तिशीच्या आत.

मी थांबले. मान वर केली तर दारजी माझ्याकडेच बघत होते. त्यांनी ती बातमी शेजारच्या पेपरात सकाळीच पाहिली असणार. त्यांनी मान अगदी जराशी हलवली, नाही म्हणून. आणि काय गाळायचं ते मलाही कळलं. त्यांच्या घराबद्दल मला इतकं कळायला तीन दिवस पुरले.

"रुक क्यों गई?" बीजी म्हणाल्या.

मला आजही ठरवता येत नाही की मी केलं ते बरोबर की चूक. पण त्या क्षणी त्या बाईला आणखी एकदा फसवणं माझ्याच्याने होईना. मी वाचलं. अनोळखी तरुण, अंगात स्वेटर, एका पायात बूट. ओळख पटवण्यासाठी ठाण्यावर यावे.

दारजी म्हणाले, "उसे तो वहां सब जानते हैं. अनजान कैसे होगा?" बीजी म्हणाल्या, "राखी के बाद गया है. कौन जानता है." आणि उठून उभ्या राहिल्या.

फोन समोरच्या घरी होता. गुरमीतच्या दवाखान्याजवळ एका खतवाल्याच्या दुकानात एक फोन आहे, तिथे तातडीचा ट्रंककॉल लावला. लाइन मिळेना. अकरा वाजले, बारा वाजले. ऑपरेटर दर वेळी सांगायची, तिकडचं एक्स्चेंज उत्तर देत नाही. बीजी फोनशेजारी खुर्चीवर बसून राहिल्या. कोणी पाणी पुढे केलं तर त्या नको म्हणायच्या, गोड बोललं तर तिकडे बघायच्याच नाहीत. मिनी जाऊन त्यांच्या मांडीत बसली, ती तेवढी चालली. मी दाराशी उभी. सुनंदा म्हणाली, "ताई, तुला तरी काय माहीत असणार, यार." मी म्हटलं, गप्प बस. मला त्या वेळी माझ्या घरचा पेपर आठवत होता, मामंजी, मग हे, मग मुलं, आणि कितव्या पानावर कुणाचं बोट थांबायची आम्हाला कधी गरजच पडली नाही ते. रडू आलं, पण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

अडीचला घंटी वाजली. खतवाला बोलत होता. दारजींनी ओरडून नाव सांगितलं, मग नुसताच आवाज, लांबून माणसं बोलल्याचा. पाच मिनिटं गेली असतील. मग दारजी एकदम खाली बसले आणि रिसीव्हर बीजींच्या हातात दिला.

गुरमीत होता. एका म्हशीचं रेडकू अडलं होतं तिथून त्याला धावत आणलं होतं. बीजींनी त्याला रोटी खाल्ली का विचारलं, खाल्ली नाही म्हटल्यावर रागावल्या, आणि लाइन तुटायच्या आत स्वतःच फोन ठेवून दिला. खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. समोरच्या बाईंनी चहा टाकला, कोणी दारजींची पाठ थोपटली, सुनंदा बाळाला छातीशी धरून हसत होती आणि रडतही होती. मीही बसले तिथेच, जमिनीवर.

बीजी माझ्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, आणि मला ती हवीच होती. पण त्यांनी खुर्चीवरचा पेपर घेतला, ते पान चाचपून शोधलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वो वाली खबर फिर पढ़."

मी वाचली. कालव्याचा काठ, वय, स्वेटर, एक बूट.

"स्वेटर का रंग लिखा है?"

"नहीं, बीजी."

"रंग तो लिख देते," त्या म्हणाल्या. "उसकी मां भी कहीं बैठी सुन रही होगी."

मी ती पाच ओळींची बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. रंग कुठेच नव्हता.